तिसऱ्या सेन्सरचा एक बिट: शीतगृहातील तापमान-नोंद यंत्राच्या कर्नेल ड्रायव्हरचे प्रकरण

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका लहान कारखान्यात शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी यंत्रे तयार होतात आणि त्या यंत्रांतील लिनक्स ड्रायव्हरची, म्हणजे सेन्सरांशी बोलणाऱ्या कोडची, जबाबदारी माझ्याकडे आहे. पिंपळगाव बसवंतच्या परिसरातील एका शीतगृहात ऐन द्राक्षहंगामात आमचे एक यंत्र रात्री-अपरात्री आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होऊ लागले. त्याचे कारण शोधताना आणि दुरुस्ती करताना आम्ही दोनदा चुकलो. ड्रायव्हरमध्ये बचावात्मक तपासण्या कुठे घालाव्यात, हे आम्हाला तुलनेने लवकर समजले. तपासणीत काही गैर आढळले तर त्या क्षणी कोडने काय करावे, हे समजायला मात्र पूर्ण हंगाम गेला. म्हणून हे प्रकरण चुकांसह लिहितो आहे.

यंत्र म्हणजे भिंतीवर बसवलेला एक डबा. आत ३२ बिटांचा एआरएम प्रोसेसर आणि लिनक्स कर्नेलची, म्हणजे कार्यप्रणालीच्या गाभ्याची, ५.१० ही दीर्घकालीन आवृत्ती आहे. आरएस-४८५ या औद्योगिक जोडणीच्या एकाच तारजोडीवर आठ सेन्सर असतात. आमचा ड्रायव्हर एक ते आठ या क्रमाने प्रत्येकाला विचारणा करतो आणि सेन्सर एक फ्रेम पाठवून उत्तर देतो. फ्रेमची रचना साधी आहे: आरंभखूण म्हणून षोडशमान (हेक्साडेसिमल) ७ई हा बाइट, मग सेन्सरचा क्रमांक, मग डेटाची लांबी, मग तेवढा डेटा आणि शेवटी सीआरसीचे, म्हणजे फ्रेम वाटेत बिघडली का हे ओळखणाऱ्या पडताळणी-आकड्याचे, दोन बाइट. नेहमीच्या फ्रेममध्ये डेटा २४ बाइटचा, म्हणजे पूर्ण फ्रेम २९ बाइटची होते. फ्रेम उलगडण्याचे हे काम कर्नेलमध्ये का ठेवले, असा प्रश्न कोणी विचारला तर तो रास्त आहे. नोंदीची वेळ अचूक मिळावी म्हणून ते तिथे ठेवले होते. आज नव्याने लिहायचे झाले तर कर्नेलमध्ये फक्त वेळेची नोंद ठेवून बाकीचे सगळे मी बाहेरच्या प्रोग्रॅममध्ये नेईन, कारण तिथली चूक तो एकच प्रोग्रॅम पाडते आणि कर्नेलमधली चूक सगळे यंत्र पाडते.

निर्यातीच्या द्राक्षांना ही नोंद किती महत्त्वाची असते, हे नाशिक जिल्ह्यात वेगळे सांगायला नको. तोडणीनंतर माल लवकरात लवकर प्रीकूलिंगला (साठवणीआधी झटपट थंड करायला) जातो, पुढे शून्य ते एक अंश सेल्सियसच्या आसपास राहतो, आणि तापमानाच्या नोंदीत खंड दिसला की त्या खंडात काय घडले, याचे उत्तर निर्यातदाराला द्यावे लागते.

लक्षण आणि माग

कर्नेल कोसळताना जो शेवटचा संदेश छापतो, ज्याला ऊप्स म्हणतात, तो रॅमोऊप्स या सोयीमुळे पुन्हा सुरू झाल्यावरही आम्हाला वाचता येत होता. अडचण अशी, की प्रत्येक वेळी कोसळण्याची जागा वेगळी असे. एकदा नेटवर्कच्या कोडमध्ये, एकदा फाइल सिस्टिममध्ये, एकदा तर आमच्या कामाशी काडीचाही संबंध नसलेल्या एका यादीच्या हाताळणीत. आमच्या ड्रायव्हरचे नाव एकाही संदेशात नव्हते. साहजिकच आधी मेमरी चिपवर संशय घेतला, मग वीजपुरवठ्यावर, आणि पूर्ण बोर्ड बदलून पाहिला. फरक पडला नाही. तसेच डबे इतर शीतगृहांत व्यवस्थित चालू होते.

उलगडा झाला तो एका ऊप्समधील पत्त्यावरून. कर्नेलने ०२१८०६७ई हा पत्ता वाचण्याचा प्रयत्न केला होता. ३२ बिटांच्या आमच्या मांडणीत कर्नेलचे पत्ते एवढे खाली नसतात, म्हणजे हा पॉइंटर, मेमरीतील जागेचा खरा पत्ता, नव्हताच, पॉइंटरच्या जागी येऊन पडलेला दुसराच काही मजकूर होता. हा प्रोसेसर सर्वांत कमी किमतीचा बाइट आधी ठेवतो, त्यामुळे मेमरीतील क्रम पाहायचा तर आकडा उलटा वाचावा लागतो: ७ई, ०६, १८, ०२. आरंभखूण, सहावा सेन्सर, षोडशमान १८ म्हणजे २४ ही लांबी, आणि ०२ हा आमच्या डेटाचा पहिला बाइट. शेजारच्या कोणाच्या तरी मेमरीत आमच्या तारेवरची फ्रेम जाऊन बसली होती. माझ्या टेबलाशेजारी बसणाऱ्या सहकारी मुलीने हे चार बाइट कागदावर लिहून माझ्यापुढे सरकवले, तेव्हा मेमरी चिपची चर्चा तिथेच थांबली.

मग ड्रायव्हरचा कोड उघडला. प्रत्येक फ्रेमसाठी कर्नेलकडून ६४ बाइटचा तुकडा घेतला जात होता: १६ बाइट शीर्षभागाचे आणि ४८ बाइट डेटाचे. लांबीचा बाइट आला की त्यातला आकडा जसाच्या तसा मान्य करून तेवढे बाइट एकेक करत भरले जात. सीआरसी तपासला जात होता, पण सगळा डेटा भरून झाल्यावर. म्हणजे खराब फ्रेम ओळखली जाई आणि फेकलीही जाई, फक्त तोवर ती जिथे पोचू नये तिथे पोचून गेलेली असे. २४ या आकड्याचा सर्वांत वरचा एक बिट विजेच्या गोंगाटाने उलटला की तो १५२ होतो. ४८ च्या जागेत १५२ बाइट म्हणजे १०४ बाइट बाहेर: शेजारचा ६४ बाइटचा तुकडा पूर्ण आणि त्याच्या पलीकडचे ४० बाइट. आमच्या कर्नेलमध्ये लहान वाटपांचा सर्वांत लहान तुकडा ६४ बाइटचाच आहे, त्यामुळे शेजारी नेटवर्क, फाइल सिस्टिम, कोणीही असू शकत होते. शिवाय तो शेजारी स्वतःची मेमरी पुढे कधी वापरेल तेव्हाच कोसळणार, म्हणून कोसळण्याची वेळ आणि बिघाडाची वेळ जुळत नव्हती.

एक गोष्ट मात्र राहत होती. एका फ्रेममध्ये १५२ बाइट येणार कुठून? उत्तर असे, की सेन्सरने वेळेत उत्तर पूर्ण केले नाही तर ड्रायव्हर पुढच्या सेन्सरकडे वळत असे, पण अर्धवट फ्रेमची अवस्था पुसत नसे. त्यामुळे पुढच्या सेन्सरांची उत्तरे त्याच अपुऱ्या फ्रेमच्या पोटात जमा होत राहत. हे कळल्यावर हिशेब मांडता आला. खराब फ्रेमचे स्वतःचे २४ आणि सीआरसीचे दोन मिळून २६ बाइट; त्यानंतरच्या सेन्सरची फ्रेम २६ पासून, त्याच्या पुढची ५५ पासून, आणि तिसरी ८४ पासून. डेटाची जागा ४८ वर संपते, म्हणजे ही तिसरी फ्रेम शेजारच्या तुकड्यात बरोबर ३६ बाइट पुढे सुरू होते. कोसळलेल्या वस्तूतील बिघडलेला पॉइंटर सुरुवातीपासून ३६ बाइट अंतरावरच होता आणि तिथे सहाव्या सेन्सरची खूण होती. सहामधून तीन वजा केले की तिसरा सेन्सर उरतो. शीतगृहात विचारले तेव्हा कळले, की तिसऱ्या चेंबरची तार कॉम्प्रेसरच्या पॅनेलला आणि त्यातील मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हला खेटून गेली आहे.

पहिली दुरुस्ती आणि तिचा परिणाम

आता लांबी तपासायची, यावर दुमत नव्हते. मी बग-ऑन हा कर्नेलचा मॅक्रो वापरून एक ओळ लिहिली: लांबी ४८ पेक्षा जास्त असेल तर इथेच थांब. त्यामागचा माझा विचार असा होता, की मेमरी बिघडवून पुढे जाण्यापेक्षा जागच्या जागी थांबलेले बरे. या विचारात तथ्य आहे, पण तो चुकीच्या ठिकाणी लावला होता. बग-ऑनही ऊप्सच घडवतो, आणि आमच्या यंत्रावर ऊप्स झाला की पॅनिक व्हायचे, म्हणजे कर्नेल सगळे काम थांबवायचा, आणि दहा सेकंदांनी यंत्र पुन्हा सुरू व्हायचे, अशी सेटिंग होती. देखरेखीविना चालणाऱ्या डब्यासाठी ती मला आजही योग्य वाटते. तिच्या जोडीला बग-ऑन आल्यावर मात्र लांबी ४८ च्या पुढे नेणारा तारेवरचा प्रत्येक उलटलेला बिट हा पूर्ण यंत्र बंद पाडण्याचा हुकूम ठरला. पूर्वी शेजारचा तुकडा महत्त्वाचा असला तरच यंत्र कोसळे, आता ते दर वेळी कोसळू लागले. एका रात्रीत चार वेळा यंत्र सुरू झाल्याची नोंद मिळाली आणि ती ओळ दुसऱ्याच दिवशी काढावी लागली.

कर्नेलचे स्वतःचे दस्तऐवज याविषयी स्पष्ट आहेत. बग आणि बग-ऑन हे नव्या कोडमध्ये वापरू नयेत, अशा टाकून द्यायच्या गोष्टींत त्यांची गणना आहे, आणि लिनक्सचे जनक लिनस टॉरव्हाल्ड्स यांनीही त्यांच्या वापराला वर्षानुवर्षे विरोध केला आहे. त्याऐवजी यंत्र न थांबवता इशारा आणि माग छापणारे वॉर्न-ऑन वापरावे, तेही घडूच शकत नाही असे आपण मानतो त्या स्थितीसाठी. घडू शकते पण घडायला नको, अशा स्थितीसाठी साधा इशारा छापून त्रुटी परत करावी. हा भेद मी वाचलेला होता. तारेवरून येणारा चुकीचा आकडा या दोहोंपैकी कशात मोडतो, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नव्हता. गोंगाट असलेल्या तारेवर चुकीची लांबी येणे हे अशक्य नाही, ते रोजचे आहे.

दुसरी दुरुस्ती, जी अधिक धोकादायक होती

घाईत आम्ही दुसऱ्या टोकाला गेलो. लांबी ४८ पेक्षा मोठी असेल तर ती ४८ धरायची, पुढे सीआरसी चुकेल, फ्रेम आपोआप फेकली जाईल, आणि कुणाला काही सांगायचे नाही. हा बदल मीच तपासून मंजूर केला. मेमरी सुरक्षित झाली, यंत्र एकदाही बंद पडले नाही, आणि आठवडाभर आम्ही निर्धास्त होतो.

मग शीतगृहाच्या व्यवस्थापकांचा फोन आला. त्यांचे शब्द मला जसेच्या तसे आठवतात: “साहेब, डबा बंद पडायचा तेव्हा निदान कळायचं तरी. आता तीन नंबरला पॉइंट आठच दाखवतोय, आणि दार उघडून आत गेलो तर तेवढं गार लागत नाही.” हातातल्या थर्मामीटरने तपासले तेव्हा तिथे तीन अंशांच्या वर तापमान होते. ड्राइव्ह चालू असताना तिसऱ्या सेन्सरच्या जवळजवळ सर्व फ्रेम खराब होत होत्या, त्या गुपचूप फेकल्या जात होत्या, आणि ड्रायव्हरकडे शेवटचा चांगला आकडा विचारला की तो बिनदिक्कत ०.८ असे उत्तर देत होता. तो आकडा वीस मिनिटांपूर्वीचा आहे, हे वरच्या प्रोग्रॅमला कळण्याचा मार्गच आम्ही ठेवला नव्हता.

मेमरीचा बिघाड झाकणारी तपासणी लिहिताना आम्ही शीतगृहाचे तापमान झाकले होते. यंत्र वारंवार बंद पडणे त्रासदायक होते, पण त्यात खोटेपणा नव्हता. नोंदीत खंड दिसत होता आणि माणूस आत जाऊन पाहत होता. हे दुसरे रूप मला त्यापेक्षा वाईट वाटते, कारण त्यात मालाचा धनी आकड्यावर विश्वास ठेवून घरी झोपलेला असतो.

अखेरची रचना

तिसऱ्यांदा लिहिताना आम्ही आधी कागदावर ठरवले, की चुकीच्या फ्रेमनंतर ड्रायव्हरने काय करायचे आणि कोणाला काय कळले पाहिजे. लांबीचा बाइट येताच, पहिला डेटा बाइट भरण्यापूर्वी, ती शून्य किंवा ४८ पेक्षा मोठी असल्यास फ्रेम तिथेच सोडायची आणि पुढच्या आरंभखुणेचा शोध सुरू करायचा. उत्तराची मुदत संपली की अर्धवट अवस्था पुसायची. प्रत्येक सेन्सरसाठी चुकीची लांबी, चुकीचा सीआरसी आणि अपुरे उत्तर यांचे वेगवेगळे गणक ठेवायचे आणि ते सिस-एफएसमधून, म्हणजे कर्नेलची माहिती फाइलींच्या रूपात दाखवणाऱ्या सोयीतून, बाहेर वाचता येतील असे करायचे. इशारा छापायचा, पण त्याच्या वारंवारितेवर मर्यादा ठेवून, कारण गोंगाटाच्या काळात इशाऱ्यांनीच लॉग भरून जाऊ शकतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे शेवटचे वाचन तीस सेकंदांपेक्षा जुने असेल तर ड्रायव्हरने आकडा द्यायचाच नाही, डेटा उपलब्ध नाही अशी त्रुटी परत करायची. वरचा प्रोग्रॅम त्यावर आकड्याच्या जागी रेघ दाखवतो आणि भोंगा वाजवतो.

याखेरीज बाइट भरण्याच्या ओळीआधी आणखी एक तपासणी ठेवली: लिहिण्याची जागा ४८ च्या आतच आहे ना. इथे वॉर्न-ऑन-वन्स (इशारा एकदाच छापणारे रूप) वापरले आहे आणि ती फसली तर फ्रेम सोडून बाहेर पडायचे आहे. लांबी आधीच तपासली असताना हे पुन्हा कशाला, असा आक्षेप आमच्याकडेच निघाला. माझे उत्तर असे होते, की पहिली तपासणी तारेवरून येणाऱ्या माहितीची आहे, तर दुसरी आमच्या स्वतःच्या कोडची. उद्या कुणी फ्रेमचा नवा प्रकार जोडताना पहिली तपासणी चुकवली, तर ती चूक आमची असेल आणि तिचा पूर्ण माग आम्हाला हवा असेल. खर्चाचा मुद्दा इथे गौण आहे. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने, एका बाइटला तारेवर दहा बिट धरून, सेकंदाला जास्तीत जास्त ९६० बाइट येतात आणि प्रत्येकामागे एक तुलना वाढते.

कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) आणि कर्नेल यांच्या तयार बचावांनी हे का पकडले नाही, हेही आम्ही तपासले. कर्नेलमध्ये २०१६ साली आलेले हार्डन्ड यूजरकॉपी हे कर्नेल आणि प्रोग्रॅम यांच्यातील देवाणघेवाण तपासते. आमचा डेटा त्या वाटेने येतच नव्हता. २०१७ सालचे फॉर्टिफाय-सोर्स मेमरी नकलण्याच्या ठरावीक फंक्शनांवर लक्ष ठेवते. आम्ही एकेक बाइट हाताने भरत होतो. आमची ४८ बाइटची मालिका रचनेच्या अगदी शेवटी असल्याने कंपायलर तिला लवचिक लांबीची समजत होता आणि सीमेची चौकशी करत नव्हता. ही सैल समजूत कर्नेलने ६.५ या आवृत्तीपासून कंपायलरला सोडायला लावली. आमची आवृत्ती त्याच्या बरीच मागे होती.

मोजणी आणि मर्यादा यांची एक साधी तुलना कर्नेलच्या पातळीवर राहून गेली तर काय होते, हे १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिले. क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या विंडोज ड्रायव्हरला एका अद्ययावत फाइलने २१ व्या घटकाकडे पाहायला लावले, कोडकडे घटक होते २०, आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख संगणक कोसळले. आमच्या प्रकरणाशी त्याचे प्रमाण जुळत नाही, पण चुकीचे कूळ तेच आहे: बाहेरून आलेल्या आकड्यावर ठेवलेला विश्वास.

त्याच ड्रायव्हरमधील इतर दोन जागा

एक चूक सापडली म्हणून आम्ही उरलेला ड्रायव्हर त्याच नजरेने वाचला. सेन्सरांच्या मर्यादांचा तक्ता भरण्यासाठी एक आयोक्टल, म्हणजे प्रोग्रॅमने ड्रायव्हरला थेट आज्ञा देण्याचा मार्ग, होता. त्यात प्रोग्रॅमने नोंदींची संख्या द्यायची, कोडने तिला १२ ने गुणायचे आणि गुणाकार ४०९६ पेक्षा मोठा असेल तर नकार द्यायचा. तपासणी होती, दिसायला योग्यही होती. पण संख्या ३५७९१३९४२ दिली तर गुणाकार ४२९४९६७३०४ येतो, ३२ बिटांत तो मावत नाही, आणि उरतात फक्त ८. तपासणी पार होते, आठ बाइटची मागणी होते, आणि त्यापुढचे लूप मूळ संख्येइतके फिरते. आता गुणाकारापूर्वी संख्येवरच मर्यादा आहे आणि आकार काढण्यासाठी ओव्हरफ्लो (आकडा न मावणे) ओळखणारे कर्नेलचे मदतनीस वापरले आहेत. ते २०१८ पासून कर्नेलमध्ये उपलब्ध आहेत.

दुसरी जागा लहान होती. पॉइंटर शून्य आहे का, हे तपासणारी ओळ त्या पॉइंटरमधून एक घटक वाचून झाल्यावर लिहिलेली होती. लिनक्सच्या टन या आभासी नेटवर्क जोडणीच्या ड्रायव्हरमध्ये २००९ साली नेमके हेच घडले होते: पॉइंटर आधीच वापरला आहे म्हणजे तो शून्य नसणार, असे गृहीत धरून कंपायलरने नंतरची तपासणी काढूनच टाकली आणि त्यातून सुरक्षेचे भगदाड पडले. त्यानंतर कर्नेल अशा तपासण्या न काढण्याचा पर्याय देऊन बांधला जातो, त्यामुळे आमची ओळ यंत्रात शिल्लक होती. तिच्या आधीच्या ओळीवरच यंत्र कोसळणार असल्याने तिचा उपयोग मात्र शून्य होता.

चाचणी

कारखान्याच्या टेबलावर कॉम्प्रेसर नाही, म्हणून गोंगाट बनवावा लागला. शीतगृहातून नोंदवून आणलेल्या खऱ्या फ्रेम घेतल्या आणि प्रत्येकीतील एकेक बिट उलटून त्या पुन्हा ड्रायव्हरला पाजल्या. २९ बाइटच्या फ्रेमचे असे २३२ प्रकार होतात. ३२ बिटांच्या एआरएमवर कर्नेलच्या ५.१० आवृत्तीत केसॅन हे मेमरीच्या चुका पकडणारे साधन चालत नाही, म्हणून तोच ड्रायव्हर ६४ बिटांच्या संगणकासाठी बांधून क्यूएमू या आभासी संगणकात चालवला. जुन्या कोडवर केसॅनने सीमा ओलांडणाऱ्या पहिल्याच बाइटवर बोट ठेवले. लांबीच्या बाइटचे आठपैकी तीन बिट असे निघाले, की जे उलटले तर आकडा ४८ च्या पुढे जातो: ५६, ८८ आणि १५२.

याखेरीज एक प्रकार आम्ही कागदावर धरलाच नव्हता. आरंभखुणेचाच बिट उलटला तर ड्रायव्हर पुढची ७ई शोधू लागतो, आणि तापमानाच्या आकड्यांतच योगायोगाने ७ई हा बाइट असला तर तिथून फ्रेम सुरू झाली असे समजून पुढच्या तापमानाला तो लांबी मानतो. नव्या कोडमध्ये अशी फ्रेम लांबीच्या तपासणीत किंवा सीआरसीत अडते आणि तिची नोंद गणकात राहते. ही नोंद सेन्सरच्या क्रमांकावर टाकायची तर तो क्रमांकही खोटा असू शकतो, म्हणून एक ते आठ यांच्या बाहेरच्या क्रमांकांसाठी नववा गणक ठेवला. क्रमांकाची ही तपासणी केली नसती, तर चुका मोजणाऱ्या मालिकेतच आम्ही सीमेबाहेर लिहीत बसलो असतो.

नवा ड्रायव्हर शीतगृहात बसवला त्या रात्री तिसऱ्या सेन्सरचा गणक सकाळपर्यंत वाढत राहिला, बाकीचे सात जवळजवळ शून्यावर होते, आणि पडद्यावर तीन नंबरच्या जागी अनेकदा रेघ आली. भोंग्यामुळे रखवालदाराला दोनदा उठावे लागले. तो आकडा घेऊन व्यवस्थापकांनी इलेक्ट्रिशियनला बोलावले, तिसऱ्या चेंबरची तार पॅनेलपासून दूर दुसऱ्या भिंतीने फिरवून घेतली आणि तिचे आवरण एका टोकाला जमिनीला जोडले. आता कॉम्प्रेसर सुरू होताना दिवसातून दोन-तीन फ्रेम खराब होतात, त्या फेकल्या जातात, आणि पुढच्या फेरीत तोच सेन्सर बरोबर आकडा देतो.